घरातून एकेक माणूस वगळून पाहिला त्याची हकीकत

बालाघाट, अधिक आषाढ, १९६९

मधुकरराव, सप्रेम नमस्कार.

सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम असेल आणि कॉलेजातली पोरं तुमचं अर्थशास्त्र अजून मुकाट ऐकत असतील, असं धरून चालतो. इकडे आई ठीक आहे. मी ठीक नाही.

दिवाळीत आमच्या ओसरीवर बसून (माझ्या वाट्याचा चिवडा खात) तुम्ही सांगितलंत, की एक माणूस वगळायचा, उत्पन्न किती घटतं ते पाहायचं, तेवढाच त्याचा हक्क. मी म्हटलं, आमच्या लालबर्ऱ्याच्या शेतावर असं होत नाही. खळ्यावर आधी बियाणं बाजूला निघतं, मग राबणाऱ्यांचं पोट, लोहार-न्हाव्याचा ठरलेला वाटा. उरेल ते मालकाचं, आणि किती उरावं ते रीत आणि वट ठरवते. न्हाव्याला वगळून धान किती घटतं हे कोणी पाहिलेलं नाही (घटणार नाही, आमच्या दाढ्या वाढतील). जुने अर्थशास्त्री हेच म्हणायचे हे तुम्ही कबूल केलंत, पण आता त्यांना कोणी विचारत नाही म्हणालात. मला राग आला. तुमची पद्धत खोटी पाडायची म्हणून या महिन्यात मी ती घरात लावली.

पहिल्या दिवशी तुमच्या बहिणीला वगळलं, म्हणजे खुर्ची दिली आणि कशाला हात लावू नको म्हटलं. चहा नाही, जेवण नाही, म्हैस दूध देईना (ती उमाशिवाय कोणाला जवळ येऊ देत नाही). उत्पन्न शून्य, म्हणजे घरातलं सगळं उमाचं. दुसऱ्या दिवशी आईला वगळलं. काहीच घटलं नाही. हे मी तिला कळवायला नको होतं. तिने तिसऱ्या दिवशी मला वगळलं. वैनगंगेच्या घाटावर दिवस काढून परततो तर कामं केव्हाच उरकलेली, दूध जास्त निघालेलं आणि सासूसुना पत्ते खेळत बसलेल्या. आई म्हणाली, "तुले काढलं तं घरात वाढच झाली. आता या हिशेबानं तुले जेवाले काय द्याचं?"

उमा म्हणाली, सगळं माझंच आहे तर घेऊन जाते, आणि मसाल्याचा डबा, तवा, चाळणी घेऊन तुमच्याकडे आली. (म्हशीला छोट्या रेल्वेगाडीच्या गार्डाने नकार दिला.) आई एकटीपुरतं रांधते. मधुकरराव, घर खायला उठतं. मला उमाची फार आठवण येते. तिला समजवा, की जुनंच शास्त्र खरं: सगळ्यांची पोटं आधी, मग उरेल ते सगळं तिचं.

आपला,
शरदचंद्र

ता. क. तुमच्याकडे ती नुसती बसून असते असं कळलं. म्हणजे तिला वगळून तुमचं काही घटत नाही. तुमच्याच सिद्धांताप्रमाणे पाठवून द्या.

ता. क. दुसरा. ती येत नसेल तर मीच शनिवारी येतो. धोंड्याचा महिना आहे आणि मी तुमच्या घरचा जावई आहे. माझ्याविना तिथे काही अडलेलं नाही, हे मला मान्य आहे. तरी अनारसे आणि पुरणाचे धोंडे पहिल्यांदा माझ्याच पानात पडतील. ते कोणत्या सिद्धांताने, हे सासूबाईंना विचारा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता उमाचं कार्ड आलं. राग गेला, गुरुवारी परत येते म्हणते. तिला कसंही करून रविवारपर्यंत थांबवून ठेवा.