जाळी लोखंडाची न्हाई

गहिनीनाथच्या बापाला छबूचा पुण्याहून नमस्कार.

बायकोच्या पोटात खुराड्याची जाळी बसवणार, असं साऱ्या तेलगावात कशाला सांगत फिरताव? भावजी दवाखान्यात आलते, ते हसत सांगत होते.

डॉक्टरीणबाईंनी जाळी माझ्या हातात दिली. मच्छरदाणीवानी मऊ हाय. खाली उतरलेलं अंग ती वर धरून ठेवती, गर्भाची पिशवी काढायची न्हाई. कधी टोचली तर लगीच दाखवायचं, हेबी सांगितलं. मला आता सुखानं उठाबसायचंय.

पण पुन्यांदा जड उचलायचं न्हाई; टँकरची घागर न्हाई, कारखान्याच्या उसाची मोळी न्हाई. डोक्यावर घागर घ्यायची लाज वाटत असंल तर सायकलीला कॅन बांधा, पण पाणी तुमीच भरा.

छावणीत म्हशीला वैरण मिळती का?

आपरेशन शुक्रवारी हाय. ‘पाणी मी भरीन’ असं तुमच्या हातानं लिहून बेस्तरवारपर्यंत भावजीकडं धाडा. न्हाई आलं तरी जाळी बसवीनच, पण इथून थेट केजला माहेरी जाईन.

छबूबाई