सासऱ्यांनी सुधारलेली गिटार

आदरणीय दादा,

तुमच्या घरच्या एकुलत्या एक जावयाचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे तुमची बहीण खुशाल आहे, बाबा तिच्याहून खुशाल आहेत, माझं पुढे येतंच आहे. हे पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कान बाहेरच्या खोलीकडे ठेवून लिहितोय, कारण तिथे बाबांच्या हातात माझ्या गिटारची मान आहे.

गिटार म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, सुटे भाग आणून घरी जोडायची. (चाळिशीत हे थेर कशाला, असं तुमची बहीण म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण तिला कळवू नका.) खोका उघडला तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. आई गेल्यावर तुम्ही त्यांना आमच्याकडे सोडून गेलात तेव्हापासून ते तिथेच. विचारलं तर ‘हं’, वाढलं तर दोन घास. मी खोबणीत मान बसवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘असा धरतात होय स्क्रू ड्रायव्हर?’ झालं! त्या घटकेपासून गिटार त्यांची आणि टॉर्च माझा.

त्यांची अख्खी हयात पाण्याच्या पंपांत गेली, हे तुम्ही जाणताच. जे थरथरतं ते आवळायचं, हा त्यांचा धर्म. तार थरथरल्याशिवाय वाजणार कशी, असं मी भीत भीत विचारलं. ‘मग डिझाइनच चुकलंय,’ म्हणाले. आवाजाची बटणं त्यांना फुसकी वाटली, म्हणून शेगडीची काढून लावली. (शेगडी आम्ही आता पकडीने पेटवतो.)

आज सकाळी मात्र माझा जीव टांगणीला लागला. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून ती जराशी आवळायची, फार तर पाव फेरा, असं माहितीपत्रकात ठळक छापलंय. (ते पत्रक बाबांनी घडी करून टेबलाच्या पायाखाली घातलंय.) त्यांनी पाव फेरा दिला. मग अर्धा. लाकूड कुरकुरलं. मी म्हटलं, बाबा, पुरे. ‘जावईबापू, टॉर्च हलतोय.’ टॉर्च कशाला हलतोय, मीच हलत होतो. त्यांनी आणखी एक हिसका दिला आणि सगळ्यात बारीक तार तुटून माझ्या कानाजवळून सूंऽ करत गेली. तुमची बहीण धावत आली आणि तिने आधी बाबांचा चष्मा तपासला. आत्ता ते पुन्हा पाना मागतायत. दादा, हात जोडतो, हे पत्र मिळताच या आणि त्यांना घेऊन जा.

तुमचा,
टॉर्चवाला (जावईपण सध्या स्थगित)

ता. क. – पत्र पाकिटात घालतोय तोच स्पीकरमधून सूर आला. गिटार वाजली! मान सरळ, आवाज खणखणीत. बाबा चक्क हसले, जेवताना भाजी मागून घेतली. मग हत्यारं पुसली, ‘संपलं काम’ म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. संध्याकाळी विचारलं, चहा ठेवू का? ‘हं.’ मला फार वाईट वाटलं, दादा.

ता. क. दुसरा – येऊ नका. बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी गिटारच्या पोटातली अर्थिंगची तार गुपचूप तोडली. आता नुसती घरघर येतेय आणि बाबा माझा उद्धार करत ती शोधतायत. पण ते बाबा आहेत, त्यांना ती सापडणारच. तेव्हा असाच एक खोका तिकडून लगेच पाठवा. दुकानदाराला सांगा, त्यात एखाददुसरा भाग कमी असला तर फारच बरं.