मी माघार घेतलेली नाही

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
रोजगार सेवा केंद्र, हेजिन शहर.

विषय : बेरोजगारी भत्त्यास साठ दिवसांची मुदतवाढ मिळणेबाबत व माझ्या नावापुढील 'अर्जदाराने स्वतःहून माघार घेतली' ही नोंद रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. १७ जानेवारीचे नकाराचे पत्र.
२) 'मुदतवाढ कोणाला मिळते?' हे खिडकी क्र. ४ वरील माहितीपत्रक.

महोदय,

१. मी, तक ओक-बुन, वय ५९, येथील बुटांच्या कारखान्यात बावीस वर्षे बुटांचे वरचे कातडे शिवत होते. गेल्या वसंतात कारखाना परदेशी गेला. मालकांनी यंत्रे नेली, आम्हाला नेले नाही. माझा नऊ महिन्यांचा भत्ता ६ फेब्रुवारी रोजी संपत आहे.

२. मला साठच दिवस हवे आहेत, जास्त नकोत. मासळीबाजारामागे शाळेचे गणवेश शिवणारे दुकान आहे. तेथील मुलगी बाळंतपणासाठी रजेवर जाणार असून १ एप्रिलपासून तिची जागा मला देण्याचे दुकानदारीणबाईंनी कबूल केले आहे. तोवर भत्ता मिळाला नाही, तर मला बाहेरच्या बेटावर मासळी साफ करण्याच्या कामाला जावे लागेल. तेथे कामगारांनी तेथेच राहायचे असते. मग माझ्या सासूबाईंना (वय ८६) दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात ठेवावे लागेल. माझे पती हयात नाहीत. सासूबाईंना रात्री उठताना माझ्या हाताचीच सवय आहे. एप्रिलचे कबूल झालेले काम मी आपल्या कार्यालयास कळवले होते, परंतु तोंडी शब्दासाठी अर्जात रकाना नाही.

३. मुदतवाढीचे नियम समजून घेण्यासाठी मी माहितीपत्रक अकरा वेळा वाचले. अवलंबून असलेली वृद्ध व्यक्ती घरी असावी, ती आहे. मालमत्ता नसावी, ती नाही. तिसरा नियम मात्र मला उमगेना, म्हणून मी खिडकी क्र. ४ वरील प्यो मॅडमना विचारले. त्यांनी अतिशय प्रेमाने सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते : "मावशी, सोपं आहे हो. आम्ही तुम्हाला तीन ठिकाणी कामाला पाठवणार. तिन्हीकडे तुम्ही मनापासून काम मागायचं. आणि तिन्हीकडे त्यांनी तुम्हाला नाही म्हणायला हवं." मी म्हटले, "म्हणजे मनापासून नापास व्हायचं?" त्या म्हणाल्या, "मनापासून प्रयत्न तुमचा. नापास त्यांनी करायचं. तुम्ही स्वतः नाही म्हणालात तर संपलंच सगळं." तसेच नकाराचा दाखला मालकाने बंद पाकिटात द्यावा व फोडलेले पाकीट स्वीकारले जाणार नाही, असेही त्यांनी बजावले. त्यांची काहीही चूक नाही.

४. त्याप्रमाणे मी पहिल्यांदा शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. तेथील मुख्य आचाऱ्याने मला भाताचे मोठे पातेले उचलायला लावले आणि ते माझ्याकडून उचलले गेले नाही. तो म्हणाला, "काकू, इथं पातेलं उचलायचंय, पातेल्यानं तुम्हाला नाही." दुसऱ्यांदा खोकी बांधण्याच्या गोदामात गेले. तेथील मुकादमाने माझ्याकडे न बघताच "चाळिशीच्या आतलंच पाठवा म्हणून सांगितलं होतं ना!" असे फोनवर ओरडून दाखल्याचे पाकीट माझ्यापुढे फेकले. त्या दोन्ही दिवशी मी बसथांब्यावर रडले. पण दोन्ही दाखले बिनचूक निघाले, याबद्दल त्या दोघांची मी आज ऋणी आहे.

५. तिसऱ्यांदा ९ जानेवारीस आपण मला श्री. गिल दोक-सू यांच्या तांदळाच्या वड्यांच्या दुकानात पाठवले. चांद्र नववर्ष तोंडावर आल्याने त्यांना नववर्षाच्या सुपात घालायच्या वड्या कापायला माणूस हवे होते. सर्व घोटाळा येथेच झाला. श्री. गिल यांनी मला बसवले, सातूचा चहा दिला आणि वय न विचारता "आपण कोणत्या प्राण्याच्या वर्षातल्या?" असे विचारले. मी म्हटले, सापाच्या; बारा वर्षांनी फिरून येणारे ते वर्ष आता पुन्हा लागणार आहे. त्यांनी बोटांवर मोजले, चेहरा पाडला आणि ते उभेच राहिले. "म्हणजे येत्या वर्षी आपली साठी! माझ्या थोरल्या ताईएवढ्या आहात. पहाटे तीनला वाफेवर उभं राहायचं काम आहे हे, ताई. तुम्हाला कसं सांगू मी?" मी करीन म्हणाले, तीनदा म्हणाले. त्यांनी दर वेळी अधिक खाली वाकून "नको, नको" केले. शेवटी त्यांनी दाखला लिहिला, पाकीट चिकटवले आणि दोन्ही हातांनी मला दिले. वर सासूबाईंसाठी वड्यांचा डबाही दिला. दुसऱ्याच्या नावाचे पाकीट मी फोडले नाही, नियमानेही आणि संस्कारानेही. मीही दोन्ही हातांनी घेतले आणि वाकून आभार मानले. इतक्या सन्मानाने नाकारले गेल्याचा मला त्या दिवशी आनंदच झाला होता.

६. आपले पत्र आल्यावर मला कळले की, साठी गाठणाऱ्या बाईला 'नाकारले' असे आपल्या हाताने लिहिणे श्री. गिल यांना जमले नाही. त्यांनी 'अर्जदाराने विचारपूर्वक स्वतःहून माघार घेतली' या चौकटीत खूण केली. म्हणजे माझा तिसरा नकार तर गेलाच, उलट सरकारने दिलेले काम झिडकारल्याचा ठपका माझ्यावर बसला. सासूबाईंना हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्यांनी तुला हाकललं ते कामाला आले, आणि ज्यानं चहा पाजला त्यानं बुडवलं. नववर्षाचं वड्यांचं सूप प्यायलं की माणूस एका वर्षानं मोठं होतं; आता या नववर्षाला ते पिऊ नकोस गं, म्हणजे वय तरी वाढायचं नाही." असे म्हणून त्यांनी त्याच डब्यातली वडी खाल्ली.

७. दि. १८ रोजी मी पुन्हा श्री. गिल यांच्याकडे गेले व "वयामुळे नाकारले" एवढेच लिहून द्या, अशी हात जोडून विनंती केली. ते कानापर्यंत लाल झाले. "तुमच्या तोंडावर असं लिहू, ताई? बाजारात मी तोंड कसं दाखवू?" मी त्यांना सर्व नियम समजावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि नवे पाकीट चिकटवूनच हातात दिले. काय लिहिलेत, असे मी विचारले. ते म्हणाले, "निर्धास्त राहा. तुमचा मान राखूनच लिहिलंय." महोदय, तेव्हापासून मला झोप नाही. ते पाकीट सोबत जोडले आहे. ते मी फोडू शकत नाही आणि न फोडता राहवतही नाही.

८. तरी पाकिटात काहीही निघाले तरी माझे तोंडी म्हणणे ऐकून घ्यावे. तेही शक्य नसल्यास ६ फेब्रुवारीपूर्वी मला चौथ्यांदा कोठेतरी पाठवावे. तेथील मालक शक्यतो तरुण, घाईतला व उद्धट असावा, ही नम्र विनंती. मी मनापासून काम मागेन.

९. आणि आपल्यालाही मला नाहीच म्हणायचे असेल, तर या अर्जावर 'नामंजूर' असे स्पष्ट लिहावे. माझ्या वयाकडे पाहून, अर्जदाराने अर्ज मागे घेतला, असे कृपया लिहू नये.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

तक ओक-बुन
(सही व अंगठ्याचा ठसा)
हेजिन, दि. २१ जानेवारी २०२५

सोबत :
१) शाळेच्या स्वयंपाकघराच्या व गोदामाच्या दाखल्यांच्या आपल्या कार्यालयातून मिळालेल्या प्रती (दोन्ही अपमानास्पद, नियमात बसणाऱ्या)
२) सासूबाईंच्या वयाचा दाखला
३) श्री. गिल यांचे दुसरे पाकीट (बंद)