उसासा चार नंबरवर

२ जुलै, सकाळी ६.१०
काल संपादकांचं पत्र आलं. माझी कादंबरी 'उसाशांचा किनारा' त्यांनी वाचली. चाळीस पानं. अकरा वर्षांचं काम, तीनशे अठ्ठेचाळीस पानं, त्यातली चाळीस. लिहितात, तेच ते शब्द आणि तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. ती काढून महिनाअखेर पाठवलंत तर शेवटपर्यंत वाचेन. मात्र एकदाच. सोबत सात शब्दांची यादी. 'जणू' पहिला.
अपमान वाटला नाही. क्षणभर वाटला. मग जणू देवानेच पोस्टमन पाठवला, अशा भावनेने पत्र देवापुढे ठेवलं आणि हात जोडले.
संकल्प: आजपासून 'जणू' बंद. रोजनिशीत चालेल. हे काही साहित्य नव्हे.
पुस्तक आईवर आहे. ती विचारायची, माझं पुस्तक कुठवर आलं रे? मी म्हणायचो, झालंच. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता तरी व्हायला हवं.

३ जुलै
लाल पेन्सिल आणली. मोजणी केली. 'जणू' दोनशे चौदा. 'दीर्घ उसासा' अठ्ठ्याऐंशी. 'डोळ्यांच्या कडा ओलावल्या' एक्कावन्न. 'क्षणभर' मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.
ही भाजी निवडत होती. तिला उसाशांचा आकडा सांगितला. म्हणाली, अहो, त्या नायकाला एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा.
विनोद समजला. दाद दिली नाही.

५ जुलै, सकाळी ६
दोष माझा नाही. गुरुजींचा आहे.
गावच्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. गुरुजी निबंधातल्या प्रत्येक 'जणू'ला अर्धा गुण जास्त देत. माझ्या गाईवरच्या निबंधात गाय अकरा वेळा जणू कोणीतरी होती. शेवटी गाय उरलीच नाही. शाळेत पहिला आलो.
ज्याचा पायाच असा घातला, त्याने इमारतीला काय करावं? गुरुजींना मनोमन क्षमा केली. मन हलकं झालं.

८ जुलै, दुपारी, भांडारात
दवाखान्याच्या कपड्यांच्या भांडारात मला बावीस वर्षं झाली. नवी चादर आली की तिच्यावर दवाखान्याचा शिक्का, विरली की 'बाद'चा शिक्का. दोन्ही मीच मारतो. शब्दांनाही असाच एक शिक्का हवा, असं आमच्या शिंप्याला म्हणालो.
तो शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाला, साहेब, चादर कुठे विरते? मी म्हटलं, मधे. तो म्हणाला, का? माणूस रोज तिथेच झोपतो म्हणून. मग मी काय करतो? मधोमध फाडतो, कडा आत घेतो, मधे जोडतो. कडेवर कोणी झोपलेलं नसतं. झाली ना चादर आणखी दोन वर्षांची?
मी विचारलं, माझ्या कडेला काय असेल? म्हणाला, ते तुम्हाला ठाऊक. माझ्याकडे फक्त मशीन आहे.
अडाणी माणूस, पण बोलून गेला. ज्यांवर कोणी झोपलेलं नाही असे शब्द हवेत. ते शब्दकोशात असतात. वाटेत ग्रंथालयातून जाडा शब्दकोश घेतला.

१२ जुलै
'उसासा' काढून 'सुस्कारा', 'निःश्वास', 'दीर्घश्वसन' आलटून पालटून घातलं. 'जणू'च्या जागी 'गमे की'. प्रकरण तीन हिला वाचून दाखवलं. ही बटण लावत होती. शेवटी दोरा दाताने तोडून म्हणाली, आधी त्याला नुसता दमा होता. आता पोथीतला दमा झालाय.
शब्दकोश परत केला. ग्रंथपाल म्हणाले, इतक्या लवकर वाचून झाला?

१५ जुलै, सकाळी
नवी रीत. आता वाचायचंच नाही. वाचायला लागलो की मी माझ्याच लिखाणात वाहवत जातो. फक्त गुन्हेगार शब्द शोधायचे, लाल खूण करायची, पान उलटायचं. भांडारात चादरी तपासतो तसं. भोक दिसलं तर थांबायचं, नाहीतर पुढची.
काम झपाट्याने होतंय. विशेष नोंद: पान २११. एकही लाल खूण नाही! अख्ख्या पानावर एकही 'जणू' नाही, उसासा नाही. थांबायचं कारणच नव्हतं, पुढे गेलो. माझं लेखन मुळात किती संयत आहे, याचा हा पुरावा. संपादकांनी नेमकी चाळीस पानं वाचली, तिथेच घोळ झाला.

१८ जुलै
हृदयाला घरं पडली.
टायपिस्टबाई गेली तीन वर्षं माझं हस्तलिखित टाइप करतात. वेग असा की बघत राहावं. मला वाटे, कथेत गुंगून जातात. हिला अनेकदा म्हणालोही होतो की बाईंची बोटं कथेच्या ओढीने धावतात.
आज लाल खुणांची पानं द्यायला त्यांच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. बाई चहा प्यायला बाहेर. कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या बारा बटणांवर बारीक कागदी पट्ट्या. पहिल्या बटणावर 'जणू काही'. दुसऱ्यावर 'डो. कडा'. तिसऱ्यावर 'शांतता पसरली'. चौथ्यावर 'उसासा'. चौथ्याची पट्टी झिजून दुसऱ्यांदा चिकटवलेली.
बाई आल्या. जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, काका, तुमची बारा वाक्यं आहेत, माझी बारा बटणं आहेत. देवानेच गाठ घातली म्हणायची. एकदा दाबलं की अख्खं वाक्य. मी विचारलं, पण कथा? कथा कशी वाटली? म्हणाल्या, मी वाचत नाही काका. वाचलं की चुका होतात. तुम्ही फायलीत जे द्याल ते वरपासून खालपर्यंत टाइप करते.
घरी पायी आलो. वाटेत उसासा आला. गिळला.

२३ जुलै
बाराही वाक्यं काढून टाकली. एकूण एक. कादंबरी तीनशे अठ्ठेचाळीसवरून एकशे त्र्याहत्तर पानांवर आली. थोडी अडचण आहे. उसासे गेल्यावर नायकाला हातात काही काम उरलं नाही. प्रकरण नऊ ते अकरा तो नुसता खिडकीत उभा आहे. पण यातूनच आधुनिकता येते, असं वाटतं.

३० जुलै, सकाळी १०
पोस्टात दिली. पाकिटाला मनोमन नमस्कार केला. त्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती घातल्या, म्हणजे श्रम दिसतील. प्रकाशन समारंभात बोलायच्या भाषणाचा मसुदा केला. त्यात 'क्षणभर' सहा वेळा आलं. भाषणात चालतं.

२२ ऑगस्ट
संपादकांचं उत्तर. जसंच्या तसं उतरवतो.
'दोन्ही प्रती शेवटपर्यंत वाचल्या. जुनीत शब्द फार आहेत, नवीत माणसं नाहीत. छापता येणार नाही. मात्र जुन्या प्रतीतलं पान २११ मी चार वेळा वाचलं. हे तुम्ही कुठून आणलंत? असं पूर्ण पुस्तक लिहा, मी वाट बघतो.'
२११! निष्कलंक पान! हिला हाक मारली. घरातली जुनी प्रत काढली. पहिल्यांदाच ते पान वाचलं.
'बाई, प्रकरण सतरा आज देता येत नाही. आई मोरीत पडली. आमच्याच दवाखान्यात आहे. तिच्या खालच्या चादरीवर मीच मारलेला शिक्का आहे. कोपरा उसवलाय. बदलून आणतो म्हटलं तर म्हणाली, राहू दे, नवी दुसऱ्या कोणाला लागेल. सकाळपासून तीनदा विचारलं, जेवलास का. तिन्ही वेळा हो म्हणालो. आता खाली जाऊन जेवून येतो, म्हणजे खोटं राहणार नाही. प्रकरण सोमवारी देतो.'
ही चिठ्ठी आहे. फायलीत वरच टाचली होती, पुढे प्रकरण सतरा त्याच फायलीत गेलं. बाईंनी वरपासून खालपर्यंत टाइप केली.
त्या सोमवारी प्रकरण दिलं नव्हतं. त्या सोमवारी आई गेली.
हिने पान हातात घेऊन वाचलं. मग म्हणाली, अकरा वर्षं शोधत होतात त्यांना. इथे आहेत की.

२३ ऑगस्ट, सकाळी ५.४५
नमस्कार. चहा. नवी वही. संकल्प: रोज एक पान, २११ सारखं. सोपं आहे. एकदा नकळत जमलं, आता तर कळून करायचंय.

२७ ऑगस्ट
चार दिवस. पानं शून्य. पेन उचललं की जणू गुरुजी मागे येऊन उभे राहतात, अर्धा गुण घेऊन. शिंप्याला चिठ्ठीची हकीकत सांगितली. म्हणाला, साहेब, ती कड होती. तुम्ही शब्दकोशात कशाला गेलात?

२८ ऑगस्ट
युक्ती सुचली. मला कादंबरी लिहिता येत नाही, चिठ्ठी लिहिता येते. म्हणून चिठ्ठीच लिहायला बसलो. 'बाई, पुस्तक यायला उशीर होतोय, कारण…' आणि कारण सांगत गेलो. आईचा चष्मा, त्याची दोऱ्याने बांधलेली काडी. ती मला शाळेत सोडायला आली आणि दारातच उभी राहिली, तो दिवस. पेन थांबेना. ही दोनदा जेवायला बोलावून गेली. चार पानं झाली. अकरा वर्षांत प्रथमच काही मोजलं नाही.
संध्याकाळी चिठ्ठी दुकानात पोचवली. परत येताना रस्त्यावरच्या अनोळखी माणसांकडे बघूनही हसलो. आता मी बरा झालो आहे, हे निश्चित.

२९ ऑगस्ट, सकाळी ११.२०
टायपिस्टबाईंचा भांडारात फोन. म्हणाल्या, काका, या वेळी चुकून वाचलं. डोळे पुसत टाइप केलं, त्यामुळे चुका झाल्यात, सांभाळून घ्या.
मी मनोमन हात जोडले. देवाचे आभार मानत होतो.
मग म्हणाल्या, फक्त एक विचारायचं होतं. चौथ्या पानाच्या शेवटी उसासा आहे. चार नंबर दाबू का?