भंडारा दोघांनी उचलला होता

शुक्रवार, दुपार

अहो,

आज तुमचा दहावा झाला. घोड नदीच्या घाटावर उभं राहायला जागा नव्हती. प्रवचन झालं, पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, "आप्पा तृप्त होऊन गेले." मला मात्र रागच आला. लगेच कसा शिवला? तुमचं मागे काहीच राहिलं नव्हतं? शाळेचं मैदान? मंडळातली रिकामी झालेली तुमची जागा? निदान माझ्यासाठी तरी थोडं अडून बसायचं होतं!

संजय सुनेला आणि मुलांना सोडायला दौंडला गेलाय. तेराव्याला येईल. घरात मी एकटीच आहे. पत्र लिहायची मला सवय नाही. पण घाटावर आज मी जे केलं ते तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

शाळेच्या संस्थेचे चेअरमन बाजीराव अण्णा सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते. जन्मभर तुम्ही ज्यांच्याशी लढलात तेच! आपल्या भिंतीवर त्यांनी परवाच फ्लेक्स लावलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात तुमचा फोटो, आणि हात जोडून उभे असलेले ते स्वतः दाराएवढे. मेलं कोण, ते जवळ जाऊन बघावं लागतं.

मला तुमच्या सगळ्या निवडणुका आठवतात. तुम्ही विसरत होतात, मी नाही.

मामंजींनी मेंढ्या बसवायची रस्त्याकडेची जागा शाळेला देऊन टाकली होती. बदल्यात काही मागितलं नाही. त्या जागेचं मैदान झालं, आणि संचालक मंडळात मात्र आपल्यातलं कुणी नाही. म्हणून तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात. "मेंढरं राखणाऱ्याला संस्थेतलं काय कळतंय?" असं बाजीराव अण्णा पारावर बसून म्हणायचे. तुम्हाला चिन्ह मिळालं कपबशी. महिनाभर आपली चूल विझली नाही. लोक आपल्या ओट्यावर चहा प्यायले आणि मत तिकडं देऊन आले. तुम्ही हसून म्हणालात, "चहा चांगला व्हता, एवढं तरी कळलं." मला हसू आलं नाही. कपबश्या मी विसळल्या होत्या.

त्यानंतर तुम्ही मला संस्थेची आजीव सभासद केलंत. घरातलं एक मत वाढावं म्हणून. मला काय वाटतं, हे काही विचारलं नाहीत.

दुसऱ्या निवडणुकीत तर तुम्ही लढलाच नाहीत. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी बाजीराव अण्णा आपल्या घरी आले. तुमचे दोस्त रशीदभाई टेलर उंबऱ्यात बसले होते. दर वेळी तुमच्या अर्जावर सूचक म्हणून त्यांचीच सही. तुम्ही आत बघून म्हणालात, "देवघरातलं भंडाऱ्याचं ताट आण." मी आणून दिलं. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आपल्यात कुणी मोडत नाही. तुम्ही मूठ भरलीत आणि म्हणालात, "या टायमाला अर्ज मागं घेतो. मंडळ बिनविरोध होऊ द्या." मग त्याच ताटात बाजीराव अण्णांनी हात घातला. "शाळंच्या मैदानाला हात लावणार न्हाई. गाळं बांधणार न्हाई."

मी दारातच उभी होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मैदान राहिलं का? पुढच्याच वर्षी रस्त्याच्या बाजूनं पाया खणला. खो-खोचे खांब उपटून शाळेच्या मागं टाकले. आज तिथं हार्डवेअरचं दुकान आहे, मोबाईलचं आहे, आणि पोरी उरलेल्या पट्टीत वाहनांच्या धुळीत खेळतात.

तुम्ही तिसऱ्यांदा उभे राहिलात. तेव्हा त्यांनी वस्त्यावस्त्यांवर एकच गोष्ट पसरवली: आप्पानं भंडारा उचलला होता आणि आता मोडला. आपल्या भावकीनंसुद्धा तुम्हाला मत दिलं नाही. तळेगावच्या बाजारात तुमच्या चुलतभावानं तुम्हाला बघून तोंड फिरवलं. मी तुम्हाला किती सांगितलं, लोकांना खरं सांगा, शब्द आधी त्यांनी मोडला! तुम्ही काय म्हणालात? "देवाचं नाव मतासाठी काढायचं न्हाई. तू बी कुठं बोलायचं न्हाई."

अहो, त्यांनी काढलं होतंच की! देवाची लाज फक्त तुम्हीच राखायची होती? तुमच्या त्या चांगुलपणाचा मला अजून राग येतो. खोटा म्हणवून घेऊन तुम्ही शांत झोपत होतात, आणि विहिरीवर, लग्नात, हळदी-कुंकवाला ते टोमणे मी ऐकत होते.

चौथ्यांदा छत्री चिन्हावर निवडून आलात तेव्हा गुलाल अंगावर घेऊन आधी मैदानावर गेलात. घरी नंतर. पहिल्याच मीटिंगला गाळ्यांच्या दुसऱ्या रांगेला एकट्यानं विरोध केलात आणि ठराव अडवलात. तेवढं तुमचं मला पटलं. पण छातीत दुखत होतं ते लपवलंत. "पुढची मीटिंग झाली की शिरूरला दाखवू." पुढची मीटिंग त्यांनी घेतली. तुमच्याशिवाय.

आज श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. बाजीराव अण्णांनी माईक घेतला. "आप्पा माझा विरोधक न्हवता, भाऊ व्हता. त्यांनी खंडोबाचा भंडारा उचलून मला शबुद दिला व्हता, मंडळ बिनविरोध होऊ द्या म्हणून. तो शबुद आता घरच्यांनी पाळावा. त्यांच्या जागी माझ्या पुतण्याचं नाव समद्यांनी सुचवलंय. बिनविरोध करू, हीच आप्पांना खरी श्रद्धांजली."

शेजारची भामाबाई माझ्या कानात म्हणाली, "दहावा हाय का प्रचारसभा?"

मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. माझ्याकडे माईक नव्हता. लागलाही नाही. मी म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी भंडारा कुणी कुणी उचलला होता, तेही सांगा की."

"वैनी, तुम्ही दुःखात हाय. बसा."

"दुःखात आहे, बहिरी नाही. ताट मी आणून दिलं होतं. आधी त्यांनी हात घातला, मग तुम्ही. त्यांनी अर्ज मागे घेतला. तुम्ही गाळे बांधले."

मग मागून रशीदभाईंचा आवाज आला, "वैनी खरं बोलत्यात. मी उंबऱ्यात बसलो व्हतो. आप्पानं शपथ घातली म्हणून गप राहिलो." बाजीराव अण्णांनी माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि चप्पल शोधायला लागले. तुमचा तो चुलतभाऊ खाली मान घालून बसला होता. त्याचीही मला कीव आली नाही.

संजय वाटेत म्हणाला, "आई, दहाव्याला असं बोलतात का? सगळी मोठी माणसं होती तिथं."

"म्हणूनच बोलले."

"आता चल दौंडला. काय ठेवलंय इथं?"

"मैदान ठेवलंय," मी म्हणाले. तो झपाझप पुढे चालायला लागला. अगदी तुमच्यासारखा.

तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतंत. ते मी मोडलं. माफी मागणार नाही. उलट तुम्हीच मला सांगा, एवढी वर्षं ते खोटं आपल्या दारात का बसू दिलंत? त्या एका गोष्टीनं तुम्हाला खाल्लं. माझ्याशी भांडला असतात तरी चाललं असतं, निदान ते मनातलं बाहेर पडलं असतं.

आता माझा शब्द ऐका. तेरावा झाला की मी शिरूरला जाणार आहे आणि तुमच्या जागेसाठी अर्ज भरणार आहे. मी सभासद आहे, तुम्हीच केलंय. सूचक रशीदभाई. मघाशी ते दारात येऊन सांगून गेले, "सही माझीच." पडले तर पडले. पण बिनविरोध होऊ देणार नाही, आणि कुणी घरी आलं तर देवघरातलं ताट बाहेर काढणार नाही. गाळ्यांची दुसरी रांग मी असेपर्यंत उभी राहणार नाही. चिन्ह मिळेल ते घेईन. कपबशी मात्र घेणार नाही. तेवढा चहा मी आयुष्यात केलाय.

संजयला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगते आहे.

आभाळ भरून आलंय आणि कडबा उघडा पडलाय. मघाशी शिडी लावून भिंतीवरचा तो फ्लेक्स उतरवला. तुमचा फोटो विळीनं नीट कापून घेतला. उरलेला आता कडब्यावर टाकते, चेअरमनचं तोंड खाली करून, आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते.

तुमचीच,
सुमन