नाव झाकलेल्या हॉटेलची बोली

शेळगाव,
गुरुवार, दुपार

आदरणीय मानसिंगदाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सोपानचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. अक्काचे गुडघे आता कसे आहेत? तुमचा खोकला धरणाच्या वाऱ्यानं वाढला असेल तर गल्ल्यावर बसताना कान बांधत जा. इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत आणि पेरू यंदा बरा लागलाय.

फोनच करणार होतो, पण तुमच्या हॉटेलात मासे तळायच्या आवाजात माझी अर्धी गोष्ट बुडते आणि उरलेल्या अर्धीला तुम्ही "बरं, पुढं?" म्हणता. ही गोष्ट तशी घाईत ऐकण्यातली नाही. दाजी, गेल्या आठवड्यात मी आणि आई मुंबईला हॉटेलात राहून आलो. (तुमच्यासारखं जेवायचं हॉटेल नव्हे, राहायचं. जेवण तिथंही होतं, पण मासे तुमच्या हातचे बरे.)

आमच्या सुप्रियाला अमेरिकेत मुलगी झाल्यापासून आईनं पणतीचा ध्यास घेतलाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या व्हिसाची मुलाखत अगदी सकाळची, म्हणून आदल्या दिवशी मुक्काम करणं भाग होतं. तेव्हा सूनबाई राजेश्वरीनं फोनवर एक जागा उघडून दाखवली. तिथं म्हणे मोठमोठ्या हॉटेलांच्या रिकाम्या खोल्यांवर बोली लावता येते. आकडा आपण सांगायचा, हॉटेलला पटला तर खोली आपली. फक्त हॉटेलचं नाव झाकलेलं असतं. मुंबईचा कुठला भाग आणि किती तारे, एवढंच दिसतं. बोली लागली की पैसे आधी कापतात, मग नाव उघडतात, आणि पैसे काही केल्या परत मिळत नाहीत.

मी जन्मभर इंदापूरच्या बाजारात क्रेट मांडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभा राहिलेला माणूस. माल माझा, आकडा त्यांचा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, आकडा तू सांग. खरं सांगतो, अंगावर काटा आला. मी पाच ताऱ्यांवर बोट ठेवलं आणि आपल्या स्टँडजवळच्या लॉजचा भाव सांगितला. नकार आला. मग मी बाजारात करतो तेच केलं, पाठ फिरवून चालू लागलो. गोठ्यापर्यंत गेलो, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, मागून हाक यायची वाट बघितली. आली ती राजेश्वरीची. "मामंजी, ह्ये हाक मारत न्हाय. तुमीच या." मग थोडं थोडं चढत गेलो, आणि एकदाचं फोनवरचं चाक फिरून हिरवं झालं. नाव उघडलं तशी राजेश्वरी खालीच बसली. "मामंजी, हितं क्रिकेटवालं उतरत्यात!"

माझा विश्वास बसला नाही. ही फसवणूक आहे आणि आपण रस्त्यावर झोपणार, असं धरून मी सतरंजी घेतली. आईनं भाकरी आणि ठेचा बांधून घेतला.

दाजी, त्या दारावर फेटा बांधलेला, भरघोस मिशांचा एक माणूस उभा होता. त्यानं आईला सलाम ठोकला. आईला वाटलं हाच मालक. तिनं त्याच्या घरच्यांची खुशाली विचारली, "आमी शेळगावचं" म्हणून सांगितलं, आणि आतली फरशी बघून देवळात काढाव्यात तशा चपला दारातच काढल्या. मी मात्र काउंटरवर जीव मुठीत धरून उभा. आता म्हणतील, असं नावच नाही हितं. त्या मुलीनं मान लववली आणि किल्ली म्हणून खेळायच्या पत्त्यासारखं एक कार्ड हातात ठेवलं. आम्ही खोलीत पोचतो न पोचतो तोच एक जण आईच्या चपला कागदात गुंडाळून, पॉलिश करून घेऊन आला. आईनं त्या उलटसुलट करून बघितल्या. "ह्या माझ्या न्हाईत. माझ्या इतक्या काळ्या नव्हत्या."

खोली एकोणिसाव्या मजल्यावर. बटण दाबलं की पडदा आपोआप सरकतो. आईनं तो उघडला, झाकला, पुन्हा उघडला. समोरून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरनं, विमान उतरत होतं. एक गेलं की दुसरं.

"सोपान, मी ह्यातनंच जायाची?"

"व्हय आई."

"लई उंच असतंय रं." तिनं माझा हात धरला. हात गार पडला होता. थोड्या वेळानं म्हणाली, "मला न्हाय जायाचं. सुप्रियाला सांग, तूच ये."

त्या मऊ गादीवर ती पाठ भिंतीला लावून बसून राहिली. भाकरीही खाल्ली नाही. वाटलं, एवढी बोली जिंकून माणूस हितंच हरलं.

सकाळी नाश्त्याला खाली गेलो. दाजी, तिथं नुसते पावच इतक्या प्रकारचे, की घ्यायचं काय हेच कळेना. शेजारच्या टेबलावर सोन्यानं मढलेल्या एक बाई होत्या. त्यांनी आईची विचारपूस केली. आई आधी हूं हूं करत होती, मग लेकाचं कौतुक करायचं म्हणून तिनं खोलीचा भाव सांगितला. (आकडा लिहीत नाही, का ते पुढं कळेल.) बाईंच्या हातातला चमचा पडला. त्यांनी म्हणे चौपट मोजले होते! त्यांनी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं पलीकडच्या टेबलाला, आणि बघता बघता सगळा हॉल उठून काउंटरवर भांडायला गेला. मॅनेजर हात जोडत आमच्याकडं आला. "आजी, कृपा करा, भाव कुणाला सांगू नका."

आई ताडकन उठली. "का? आमी चोरी केलीया व्हय? घासाघीस केलीया. तुमी दिली, आमी घेतली!"

आदल्या दिवसाची ती भीती कुठल्या कुठं गेली. मॅनेजरनं मुलाखतीला जायला हॉटेलची गाडी दिली, मी आकडा न सांगायचा शब्द दिला. (आईनं दिलेला नाही.) गाडीत बसताना आई म्हणाली, "चल. आता त्या विमानवाल्यांशीबी मीच बोलते."

व्हिसाच्या कचेरीत काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबानं मराठी बाईंकरवी विचारलं, मुंबईत उतरलात कुठं? आईनं हॉटेल सांगितलं आणि विचारलेलं नसताना भावही सांगितला. साहेबानं चष्मा काढला, आईकडं बघितलं, बाईंशी काहीतरी बोलला. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "साहेब विचारतात, बोली कुठं लावली?" आईला व्हिसा मिळाला. साहेबाला पत्ता मिळाला.

तेव्हापासून विमान गेलं की आई अंगणात येऊन वर बघते, पण आता तिचा हात गार पडत नाही. लहानांना आशीर्वाद, अक्काला नमस्कार.

तुमचा,
सोपान

ता. क. एवढं लांबलचक लिहूनही मूळ विषय काढायचं धाडस झालं नाही. आईचं विमान पुढच्या महिन्यात, मंगळवारी पहाटे. आदल्या दिवशीसाठी मी पुन्हा बोली लावली आणि ती लागली, पण बोट सोमवारऐवजी रविवारवर पडलं. त्याच रविवारी भिगवणला तुमच्या ऋषिराजचा साखरपुडा आहे, हे अक्काचा फोन आल्यावर आठवलं. आजी नसताना नातवाचा साखरपुडा कसा व्हायचा? आणि खोलीचे पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा साखरपुडा आठवडाभर अलीकडं घेता येईल का?

दुसरा ता. क. वरचं लिहिलेलं रद्द समजा. मी लिहीत होतो तेवढ्यात आईनं राजेश्वरीला जवळ बसवलं. म्हणाली, "साखरपुडा कशाला हलवायचा? पाव्हणंच हलवा मुंबईला." त्याच रविवारच्या आणखी अकरा खोल्यांवर तिनं बोली लावली आहे. हॉटेलचा होकार आत्ताच आला. आता फक्त तुमचा आणि मुलीकडच्या मंडळींचा राहिलाय.