टिचकीसरशी सुटणारा तीर

सेलू, गुरुवार

ती. नागुआत्या यांस,

धनश्रीचा शरणु शरणार्थ. गंगाखेडच्या हवेत तुमचे गुडघे कसे आहेत, हे आधीच विचारून घेते, कारण पुढे पत्रात नुसता तीर आहे. (फोन केला असता, पण तुम्ही "जेवलीस का?"च्या पुढे जाऊ देत नाही.)

मागच्या महिन्यात परभणीच्या तिरंदाजीच्या निवड चाचणीत माझा तीर सोडण्याआधीच दोरीवरून खाली पडला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. लोक हसले. मी नाही हसले. पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी आहे आणि माझी निवड होणारच. तिराच्या शेपटाला खाच असते, ती धनुष्याच्या दोरीवर बसते. तीर लटकवून दोरीला टिचकी मारायची: आधीच पडला तर सैल, नंतरही लटकला तर घट्ट, टिचकीसरशी सुटला तर बरोबर. माझी दोरी तिथे झिजली होती, तिच्यावर दोरा गुंडाळायचा, एवढंच काम.

ते बाबांनी अंगावर घेतलं. त्यांची हयात कापसाच्या अडतीत गेली. त्यांच्या लेखी बांधलेलं सुटणं म्हणजे बेइज्जती. पोती शिवायच्या दोऱ्याने असे वेढे दिले, की मी टिचकी मारली, चापट मारली, शेवटी धनुष्य झटकलं, तरी तीर जागचा हलेना. "बघ, बापजन्मात सुटायचा न्हाई!" बाबा लय खूश. त्यांचं मन मोडू नये म्हणून परसात एकदा सोडून पाहिला (माझी चूक, मान्य), तर तो वाकडातिकडा जाऊन शेजारच्या कमलबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत घुसला. "पोरी, आमच्या कुरडयांनी तुझं काय घोडं मारलंय गं?" त्यांनी विचारलं. मी तीर उपसून घेतला आणि घरी येऊन दोरा उकलला.

मग आईचा शिवणाचा दोरा घेतला, तो सैल. तीन दिवसांत अकरा वेळा गुंडाळलंय. आत्या, घरातल्या सगळ्यांच्या गळ्यातल्या लिंगाच्या शिवदाराचा दोरा तुम्ही पिळता, तसा एकसारखा पीळ दुसऱ्या कुणाला जमत नाही. लिंगाचा नको, पाप लागेल. त्याच पिळाचा साधा चार हात दोरा पाठवा.

तुमची,
धनश्री

ता. क. दोरा राहू द्या. पाकीट चिकटवण्याआधी बाराव्यांदा गुंडाळलं, आईचाच दोरा दुहेरी घेऊन. टिचकीसरशी सुटला. दहाच्या दहा वेळा सुटला.

ता. क. २. तुम्ही मात्र रविवारी सकाळच्या गाडीने परभणीला याच. त्या दिवशी तीर पडल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर हसणारे सगळे परके होते. या वेळी हसायला तरी घरचं कुणी असू द्या.